चोरमळ्यातला उलटा माणूस

साक्री तालुक्यातल्या खैरदे गावात कुणालाही विचारा, "प्रेमराजचा द्राक्षमळा कुठे आहे?" तो कान खाजवत बसेल. पण नुसतं "चोरमळा" म्हणा, की शेंबडं पोरसुद्धा पळत पुढे होऊन तुम्हाला थेट बांधावर नेऊन उभं करेल. वर फुकटात गोष्टही सांगेल.

गोष्ट अशी. फार फार वर्षांपूर्वी, ऐन पोळ्याच्या दिवशी, एका चोराने गावातल्या सगळ्या गायी पळवल्या. गावचे शूर लोक तलवारी घेऊन त्याच्या मागे धावले आणि नदीकाठी त्याला गाठलं. देवालाही चोराचा एवढा राग आला, की त्याने चोराचा तिथल्या तिथे दगड केला, आणि तोही डोकं खाली, पाय वर करून. पटत नसेल तर बघा. मळ्याच्या कोपऱ्यावर, वेशीकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून, कमरेएवढा काळा दगड उभा आहे आणि त्यावर तो चोर कोरलेला आहे. उलटा.

आता त्या दगडावर गायीही उलट्याच होत्या. त्या का उलट्या, असं विचारलं तर सांगणारा म्हणायचा, "चोराच्या हातात गेलेली ढोरं सुलटी कशी राहतील?" समोर तलवारी उगारलेली माणसं होती, ती म्हणजे म्हणे गावच्या मानकऱ्यांचे, रूपचंद आबांचे पूर्वज. तेही उलटेच होते. पण आबांचे पूर्वज का उलटे, हे विचारायची गावात कुणाची हिंमत नव्हती.

प्रेमराजची मुलगी कोकिळा यंदा दहावीत होती. नाव कोकिळा, पण आवाज असा घोगरा आणि दणदणीत, की तिने मळ्यातून हाक मारली तर पाणंदीतली म्हैस मान वर करायची. पूर्वी ती या आवाजाला लाजायची, वर्गात बाईंनी उभं केलं तरी पुटपुटायची. मग गेल्या वर्षी कबड्डीच्या संघात बाईंनी तिला कप्तान केलं, कारण मैदानाच्या पार टोकाला पोचेल असा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हताच. तेव्हापासून कोकिळेने पुटपुटणं सोडलं ते सोडलंच.

तिच्या मनात एकच काटा होता, पोळ्याचा.

पोळ्याला गावातले सगळे बैल सजून वेशीकडे निघायचे. वाटेत चोरमळ्याच्या कोपऱ्यावर मिरवणूक थांबायची आणि प्रत्येक जण त्या दगडाला एक एक गोटा मारायचा. टणाटण आवाज. हशा. निम्मे गोटे दगडाला चुकून द्राक्षांच्या वेलीत जायचे. मग वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असायचं, ते मानाच्या जोडीने, म्हणजे रूपचंद आबांच्या बैलांनी तोडायचं. त्यांच्यामागे बाकीचे. आणि सगळ्यात शेवटी, धूळ खाली बसल्यावर, माणसं पुरणपोळीसाठी घरी वळल्यावर, चोरमळ्याची जोडी. पाखऱ्या आणि चंद्या. गावातली सगळ्यात देखणी खिल्लारं, पण तोरणाची नुसती सुतळी बघायला मिळायची.

"पप्पा, आपण चोराचे कोणी लागतो का?" कोकिळेने लहानपणी विचारलं होतं.

"नाही गं. आपला फक्त मळा त्याचा शेजारी."

"मग आपण शेवटी का?"

प्रेमराज गप्प बसणारा माणूस. "तशी रीत आहे," एवढंच म्हणाला आणि फवारणीला निघून गेला.

यंदा मात्र कोकिळेने ठरवलं होतं. गोटा एकही पडू द्यायचा नाही, आणि पाखऱ्या-चंद्या शेवटी चालणार नाहीत. कसं ते तिला ठाऊक नव्हतं. पण ठरवलं होतं.

आणि मग ती लटकली!

झालं असं. पोळा आठवड्यावर आलेला. शाळा सुटल्यावर पिंपळनेरची मैत्रीण सबा तिच्यासोबत मळ्यात आली होती. प्रेमराजने यंदा छाटणी लवकर घेतली होती, त्यामुळे ऐन पावसाळ्यात वेलींवर हिरवे घड लोंबत होते, मणी हरभऱ्याएवढे. पलीकडे वच्छलाबाईंची बायांची टोळी हातात कात्र्या घेऊन घड विरळत होती.

"चल, चोरासोबत फोटो काढू," सबा म्हणाली.

"नुसता काय काढायचा? मीही उलटी होते. चोराची बहीण!"

दगडाशेजारीच द्राक्षवेलींच्या मांडवाचा लोखंडी खांब होता, त्याला आडवी दांडी. कोकिळेने ओढणी कमरेला खोचली, दांडीला गुडघे अडकवले आणि सोडलं अंग. वेणी जमिनीला लागली, तोंड लाल झालं, सबाला हसून हसून फोन धरवेना.

"काढ लवकर, रक्त डोक्यात चाललंय!"

"काढते, काढते. जरा चोरासारखं तोंड कर ना."

चोरासारखं म्हणजे कसं, ते बघायला कोकिळेने मान वळवली. चोर अगदी तिच्या नाकासमोर होता. आणि तो उभा होता.

सरळ, दोन्ही पायांवर, छाती काढून उभा. हातातलं ते लांबट म्हणजे तलवार. त्याच्या मागे गायी, एकीला चिकटून एक, वासरू पुढच्या पायांत शिरलेलं. आणि समोर तलवारी घेतलेले तिघे. त्याचं तोंड गायींकडे नव्हतं, त्या तिघांकडे होतं.

चोर कधी गायी पाठीशी घालून तलवारींकडे तोंड करतो का? चोर पळतो! गायी पुढे हाकलत पळतो!

"सबाऽऽ!" कोकिळा किंचाळली, गुडघे सुटले, आणि ती धपकन चिखलात पडली. पण पडल्या पडल्याही ओरडतच होती, "अगं तो चोर नाहीये! तो गायी सोडवतोय! कुणीतरी दगडच उलटा रोवलाय!"

आणि तिला आठवलं. धरणगावाकडे मामाच्या गावी मारुतीच्या ओट्याशेजारी असाच दगड होता. त्यावरही गायी, तलवार, सगळं असंच, पण सुलटं. तिथे त्याला शेंदूर लावतात, वीर म्हणतात, गावाची गुरं वाचवताना मेलेला म्हणून लग्नातला नारळ आधी त्याच्यापुढे फोडतात. आणि आपण काय करतो? गोटे मारतो.

ती तशीच चिखलाच्या कपड्यांनी बापाकडे धावली. सबाने काढलेला फोटो तिने पुढे केला. "पप्पा, हे बघा. नाही, असं नाही, फोन उलटा धरा."

प्रेमराजने फोन उलटा केला. फोन शहाणा, त्याने चित्र पुन्हा फिरवलं. प्रेमराजने पुन्हा फिरवला, चित्र पुन्हा फिरलं.

"हा तर दोन्हीकडून चोरच दिसतो," तो म्हणाला.

"पप्पा, फोन नका फिरवू, तुमची मान फिरवा!"

त्याने मान फिरवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग सरळ केली आणि म्हणाला, "असेलही तू म्हणतेस तसं. पण आता त्याला हात लावता यायचा नाही."

का लावता येत नव्हता, हे कोकिळेलाही माहीत होतं, फक्त आनंदात ती विसरली होती. मांडव घातला त्या वर्षी कोपऱ्याच्या खांबाला ताण द्यायला जमिनीत खोल रुतलेलं काहीतरी भक्कम हवं होतं. एवढा आयता दगड समोर असताना खड्डा कोण खणणार? कोपऱ्याची जाड तार सरळ चोराच्या कमरेला गुंडाळली होती. "फुकटचा उभा आहे, काम तरी करू दे," असं तेव्हा सगळे हसले होते. आता दगड हलवला तर कोपरा बसणार, कोपरा बसला तर मांडव झुकणार, आणि मांडवाला लोंबत होतं यंदाचं सगळं पीक.

"द्राक्षं उतरली की काढू," प्रेमराज म्हणाला.

"म्हणजे दिवाळीनंतर! आणि पोळा?"

"पोळा दरवर्षी येतो गं."

"गोटेही दरवर्षी येतात, पप्पा."

प्रेमराजने फवारणीचा पंप उचलला. पण बांधावर पडलेल्या मागच्या पोळ्याच्या गोट्यांकडे त्याची नजर गेली, ती कोकिळेने पाहिली.

दुसऱ्या दिवशी तिने बातमी वच्छलाबाईंच्या टोळीत फोडली. वच्छलाबाई म्हणजे सत्तरीच्या, काटकुळ्या, कात्रीपेक्षा जिभेला धार जास्त. त्यांनी आधी उडवूनच लावलं.

"ये पोरी, तू काय वटवाघूय शे का? लटकीसन देखस नि आमले सांगस!"

"लटकू नका, आजी. नुसतं दगडाकडे पाठ करा आणि पायांमधून बघा."

"मनी कंबर मोडी जाई!"

पण उत्सुकता कमरेपेक्षा मोठी. वच्छलाबाईंनी नऊवारीचा पदर खोचला, दगडाकडे पाठ केली आणि वाकल्या. सगळ्या बाया कात्र्या थांबवून बघत राहिल्या. मग लुगड्याच्या आडून वच्छलाबाईंचा आवाज आला.

"अय माय! हाऊ ते उभा शे!"

"बघा!"

"यानं तोंड तलवारीसकडे शे वं! पयनारा माणूस असा उभा ऱ्हास का? मना डोया फिरनात का हाऊ दगड फिरना?"

मग काय विचारता! अख्खी टोळी ओळीने वाकली. कुणी हसतंय, कुणी "जरा सरक ना" म्हणतंय, कुणाच्या पायांत कुणाचं डोकं. आणि नेमक्या त्याच वेळी गाडीवाटेने रूपचंद आबा आले.

आबा म्हणजे गावचा मान. पांढरंशुभ्र धोतर, टोपीला कडक घडी, चालणं असं की डोक्यावर तांब्या ठेवला तर पाणी हिंदकळू नये. वाटेवरून त्यांना जे दिसलं, ते त्यांनी सत्तर पावसाळ्यांत पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी तोंड फिरवलं, मग खाकरले, मग गरजले.

"हाई काय चाली राहिनं? पोळा तोंडवर उना, नि तुम्ही चोरना पाया पडी राहिन्यात का?"

बाया फटाफट सरळ झाल्या. कोकिळा पुढे आली. मागच्या वर्षीची कोकिळा असती तर वेलीमागे लपली असती.

"आबा, तो चोर नाही. वीर आहे. दगड उलटा रोवलाय. आम्ही तो काढून सुलटा करणार!"

"सुलटा?" आबांचा चेहराच उतरला. राग नव्हता तो, भीती होती. "पोरी, आमना बाप सांगे, चोर पायवर उभा ऱ्हायना ते गावना बठ्ठा ढोरं लयी जाई. गयं साल लम्पीमा मना बैल मरता मरता वाचना. दगडले हात लावानं काम नहीं!"

मागे दोन-चार माणसं जमली होती, त्यांच्याही माना हलल्या. लम्पीने गावात कितीतरी गोठे रिकामे केले होते. गुरांचं नाव निघालं की हसणं बंद व्हायचं.

"आबा, तुम्ही फक्त एकदा वाकीसन देखा ना," कोकिळा म्हणाली.

"मी? रूपचंद? वाकू?"

"वच्छलाआजी वाकल्या की."

"ती वाकी! तिले मान शे का काही?"

"मान नहीं, पन कंबर शे!" वच्छलाबाईंनी जागेवर उत्तर फेकलं, आणि जमलेली माणसं इतकी हसली की आबांच्या मिशाही थोड्या हलल्या. पण ते बधले नाहीत.

शेवटी कोकिळेनेच अट टाकली. "आबा, दगडाचा बराच भाग जमिनीत आहे. त्यावर काय कोरलंय, कुणी पाहिलंय? कुणीच नाही. सगळ्यांसमोर काढू. खाली चोराची शिक्षा निघाली तर तुम्ही म्हणाल ते."

आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "चोर निंघना, ते पोळाले पहिला गोटा तू मारशी. सगळा गावनी समोर."

त्या दगडाला, स्वतःच्या मळ्यात, स्वतःच्या हाताने! पण कोकिळेने तो दोन्ही पायांवर उभा असलेला पाहिला होता.

"मारेन," ती म्हणाली. "आणि वीर निघाला तर?"

"ते मंग देखसूत."

राहिला प्रेमराज. त्या संध्याकाळी तो गोठ्यात चंद्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. कोकिळा दारात उभी राहिली. काही मागायच्या आधीच तो म्हणाला, "सबाच्या अब्बांना फोन लाव. मांडव त्यांनी घातलाय, ताण कसा बदलायचा तेच सांगतील."

कोकिळेने अशी उडी मारली, की पाखऱ्या दचकून दावणीला हिसका देऊन गेला.

सबाचे अब्बा म्हणजे अन्वरचाचा, पिंपळनेरला वेल्डिंगचं दुकान. ते आले, कोपऱ्याभोवती दोन चकरा मारल्या, तारेवर बोट वाजवून पाहिलं. "होईल, बेटा. शेजारी खड्डा करून सिमेंटचा ठोकळा ओतू, तार त्याला बांधू, मग तुझा पहिलवान मोकळा. भीती एकच आहे. इकडची तार सोडली आणि तिकडे बांधली, त्याच्या मधला जो वेळ आहे ना, तेवढ्यात मांडव कुणाचाच नसतो."

ठोकळा ओतला, वाळू दिला. आणि पोळ्याच्या दोन दिवस आधी, सकाळी सकाळी, चोरमळ्याच्या कोपऱ्यावर अख्खं खैरदे लोटलं. पोरं बाभळीवर चढली. आबा गाडीवाटेवरच उभे राहिले, हात मागे बांधून. मळ्यात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं होतं.

वच्छलाबाईंची टोळी बांबूच्या बेळक्या घेऊन कोपऱ्यातल्या वेलींखाली पसरली. बेळकीच्या फाट्यात तार धरायची आणि खालून रेटायची. कोकिळा अगदी कोपऱ्यावर, प्रेमराज तिच्याशेजारी.

अन्वरचाचांनी नवी साखळी ठोकळ्याला अडकवली, तारेला चिमटा लावला, आणि दगडाच्या कमरेचा जुना वेढा सोडला. तार करकरली. कोपरा वीतभर खाली आला आणि थांबला. लोकांनी श्वास सोडला.

आणि चिमटा सटकला.

सण्ण करून तार मागे गेली. कोपऱ्याचा खांब आत झुकला, मांडवाने पोट सोडलं आणि हिरव्या घडांची अख्खी रांग चिखलाकडे निघाली. दोन बेळक्या कडाकड मोडल्या.

"धरा!" कोकिळा ओरडली. कबड्डीच्या मैदानावरचा तिचा सगळा आवाज त्या एका शब्दात होता. "खांदा लावा! सगळ्यांनी खांदा लावा!"

तिने स्वतः तारेखाली खांदा घातला. वेलीची पानं तोंडात, तार कातडीत रुतलेली, पण ती हलली नाही. प्रेमराजने लावला. बायांनी पदराची चुंबळ करून डोक्याखांद्यावर तार घेतली. तरी मधला भाग बसतच होता, तिथे कुणी नव्हतं. घड चिखलापासून हातभर राहिले, मग त्याच्याही खाली आले.

तेवढ्यात गाडीवाटेवरून काहीतरी पांढरं झपकन आत आलं. रूपचंद आबा! धोतराचा सोगा तोंडात, टोपी कुठल्या कुठे, आबा त्या रिकाम्या जागी मांडवाखाली घुसले आणि दोन्ही खांद्यांवर तार घेऊन वाकले. पार वाकले. कोणाच्याही मळ्यातले घड डोळ्यांदेखत चिखलात जाताना बघणं त्यांच्यातल्या शेतकऱ्याला जमलंच नव्हतं.

"अन्वर! लवकर रे भो!" तोंडातला सोगा सोडून ते वाकल्या वाकल्या ओरडले.

"झालंच आबा, हलू नका!"

आबा हलणार कुठे? कमरेत असे दुमडले होते, की डोकं पार गुडघ्यांशी आलं होतं. दगड त्यांच्या मागे होता. आणि आपल्याच दोन पायांमधून, धोतराच्या सोग्याशेजारून, आबांना तो दिसला.

कोकिळा बाजूलाच होती. तिने पाहिलं, आबांचं ओरडणं मध्येच थांबलं. बराच वेळ त्यांनी डोळेही मिटले नाहीत.

"आबा?" तिने हळूच विचारलं. "दिसतोय?"

"गायी..." आबा पुटपुटले. "त्यानी गायी पाठमांगे लयेल शेतस वं, पोरी."

तिकडे चिमटा बसला, साखळी खडखडली, तार ताणली गेली आणि मांडव सगळ्यांच्या खांद्यांवरून अलगद वर उठला. एकही घड चिखलाला लागला नव्हता. कोकिळेच्या खांद्यावर तारेचा लाल वळ उठला होता. तिने तो सबाला असा दाखवला, जसं काही पदकच.

पुढचं काम सोपं होतं. अन्वरचाचांनी तीन पायांचा घोडा उभा केला, चेनपुली लावली. चिखलाने आधी चुक्क असा आवाज काढला, मग दगड सुटला आणि वर येत राहिला, येतच राहिला. वर दिसत होता त्याच्या दुप्पट तो खाली होता! जमिनीतला भाग रुंद, टोकाला देवळाच्या कळसासारखा घडवलेला. कुणीतरी कधीतरी बांधाची खूण म्हणून रोवताना जड बाजू खाली घातली असणार, दुसरं काय. तो फिरवून सुलटा बांधावर टेकवला, आणि प्रेमराजने फवारणीच्या टाकीत स्वच्छ पाणी भरून पाइप कोकिळेच्या हातात दिला.

"तूच धू."

पाण्याचा फवारा सुटला. माती ओघळू लागली. सगळं गाव गोल करून उभं राहिलं.

खाली, सगळ्यांच्या ओळखीचा तो. गायी, तलवार, समोर तिघे. आता त्यांच्यासकट सगळे सुलटे. त्याच्या वर दुसरा चौकोन निघाला. तोच माणूस, दोन्ही बाजूंनी दोन बाया त्याला हातांनी धरून वर नेताहेत, अंगावर दागिने, उडणारे पदर.

"ह्या कोन?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"अप्सरा!" कोकिळा म्हणाली. "त्याला स्वर्गात नेताहेत. सांगा आबा, चोराला न्यायला अप्सरा येतात?"

"चोरले न्याले पोलीस येतस!" वच्छलाबाई म्हणाल्या, आणि हशाची लाटच उसळली.

सगळ्यात वरचा चौकोन उजळला. माणूस हात जोडून बसलेला, समोर महादेवाची पिंड. आणि त्याच्या वर, कळसाच्या दोन बाजूंना, चंद्र आणि सूर्य. अशी रेषा न् रेषा, जणू पाथरवट काल काम संपवून गेला. जमिनीतल्या भागाला एकही गोटा लागला नव्हता ना!

हसणं हळूहळू विरलं. खालच्या भागावर मात्र खळगेच खळगे होते. त्याच्या छातीवर, गायींच्या पाठींवर, वासराच्या तोंडावर. प्रत्येक जण ते बघत होता आणि शेजारच्याकडे बघत नव्हता.

आबा पुढे आले. डोक्यावर टोपी नव्हती, धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. वासराच्या तोंडावरच्या खळग्यात त्यांनी बोट घातलं.

"गायी कोन्या व्हत्यात मंग?" त्यांनी विचारलं.

"गावाच्या," कोकिळा म्हणाली. आता तिचा आवाज मोठा नव्हता. "तुमच्याही असतील, आबा. समोर तलवारी घेतलेले तुमचे पूर्वज नाहीत. तुमचे पूर्वज मागे असतील, घरात. त्यांच्या गायी याने वाचवल्या."

"यानं नाव काय?" आबांनी विचारलं.

"ते कुणालाच माहीत नाही."

आबांनी शेजारची बादली उचलली आणि ती दोन्ही हातांनी दगडाच्या माथ्यावर ओतली. मग वळून गर्दीवर असे खेकसले, की बाभळीवरची पोरं सुद्धा सरसावून बसली. "काय देखी राहिनात? बांधवरना बठ्ठा गोटा येचा! याना ओटा बांधाना शे!"

आणि लोक वेचू लागले. किती वर्षांचे गोटे, कुणी मारलेले, कुणाच्या आज्याने मारलेले! संध्याकाळपर्यंत गाडीवाटेच्या कडेला त्यांचाच ओटा झाला, अन्वरचाचांनी सिमेंटने सांधला आणि त्यावर दगड उभा राहिला. सरळ, दोन्ही पायांवर.

पोळ्याच्या दुपारी कोकिळेने पाखऱ्या-चंद्याची शिंगं रंगवली, एकाची निळी, एकाची गुलाबी, कारण तिचं आणि तिच्या आईचं एकमत झालं नाही. गोंडे, घुंगरं, आरशांची झूल. प्रेमराज नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे उभा राहायला निघाला. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप तिकडेच वळले.

"ए प्रेमराज!" पुढून आबा गरजले. "तथा कथा चालना? पुढे ये!"

मिरवणूक थबकली. आबांनी आपली मानाची जोडी वाटेच्या कडेला घेतली होती. घेतानाही मान ताठच, टोपीला नवी घडी.

"आबा, मान तुमचा आहे," प्रेमराज म्हणाला.

"मान मनाच शे. म्हनीसन मीच दी राहिनू. दुसरा कोन देवाव शे?" आबा म्हणाले. "यंदा वीरमळानी जोडी पहिली. नि कासरा तुनी आंडेर धरी. तिनाच आवाजवर मांडव उभा शे."

पोरीने पोळ्याला कासरा धरलेला खैरद्यात कुणी पाहिला नव्हता. कोकिळेने पप्पाकडे पाहिलं. त्याने कासरा सरळ तिच्या हातात ठेवला. त्याचे डोळे भरले होते, पण त्याने नाक ओढलं आणि फवारणीची औषधं झोंबतात असं काहीतरी म्हणाला.

ढोल कडाडला. कोकिळा चालू लागली. वीराच्या ओट्यापाशी मिरवणूक थांबली, पण हात वर गेले ते जोडायला. वच्छलाबाईंनी बैलांवरून भाकरतुकडा ओवाळला आणि कोकिळेच्या पाठीत प्रेमाने असा गुद्दा घातला की ती दोन पावलं पुढे गेली.

मग वेस. आणि वेशीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरव्यागार आंब्याच्या पानांचं अख्खं तोरण.

आता रीत अशी, की मानाच्या बैलाने मान उंचावून शिंगाने तोरण तोडायचं. आबांच्या जोडीला ते पाठ होतं. पण पाखऱ्याने जन्मात तोरण पाहिलं नव्हतं. तो त्याच्याखाली आला, थांबला, मान वर केली, हुंगलं आणि मोठ्या समाधानाने पानं खायला लागला.

"अरे तोड! तोड!" लोक ओरडू लागले.

"पाखऱ्या, शिंग मार रे!" सबा उड्या मारत किंचाळली.

पाखऱ्या मन लावून चघळत राहिला. मग चंद्याला वाटलं आपलं राहून जाईल, त्याने दुसऱ्या बाजूने घास घेतला. दोघांनी दोन दिशांना ओढलं, सुतळी ताणली, कट्कन तुटली, आणि उरलेलं सगळं तोरण कोकिळेच्या डोक्यावरून गळ्यात येऊन पडलं.

मग रूपचंद आबांनीच, टोपी हवेत उडवून, पहिली आरोळी ठोकली. ढोलवाल्याने असा ठेका धरला की पोरं बाभळीवर असती तर खाली पडली असती. आणि पानांनी मढलेली कोकिळा, एका हातात कासरा आणि दुसरा हात आभाळात, आपल्या त्या घोगऱ्या, दणदणीत आवाजात सगळ्यांच्या वर ओरडत वेशीतून आत गेली.